दहा पुरेत

गाडी भर रस्त्यात थांबली तेव्हा अर्लीनला वाटलं, पोरीचा पाय पुन्हा चुकून ब्रेकवर पडला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. "काय झालं, ब्रिएल? रस्ता मोकळा आहे, चल पुढे." ब्रिएल डावीकडे बघत होती. कोपऱ्यावरच्या बसक्या विटांच्या इमारतीत आता गाद्यांचं दुकान होतं आणि काचेवर सेलचे पिवळे कागद चिकटवले होते. "इथं आधी औषधांचं दुकान होतं ना, मिस अर्लीन? माझ्या बापानं इथंच माणूस मारला." इथं पूर्वी बसथांबा होता, असं सांगावं तशा आवाजात ती हे बोलली. मग तिनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी पुढे काढली. अर्लीनचा उजवा पाय मात्र तिच्या बाजूच्या ब्रेकवर तसाच दाबलेला राहिला आणि गाडी कण्हत कण्हत चालली. "मिस अर्लीन, पाय," ब्रिएल म्हणाली. अर्लीननं पाय काढला. पोर्ट ऑबिन शहरात तिनं एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, आणि शिकणाऱ्यानं तिला असं बजावण्याची ही पहिलीच वेळ होती. "बापाचं नाव काय तुझ्या?" "कॉर्नेल सोनिये. मी आईच्या नवऱ्याचं आडनाव लावते." "भेटतेस त्याला?" "छे. तो फोन करतो तुरुंगातून. मी घेत नाही." मग, अर्लीननं काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "बारा माणसांनी सगळं ऐकून घेतलं, आणि बाराच्या बाराजणांनी सांगितलं की त्यानंच केलं. आई म्हणते, बारा माणसं एकदम वेडी होत नाहीत."

बाराच्या बाराजणांनी. एसीची थंड, कुबट हवा तोंडावर येत होती आणि अर्लीनच्या मानेवर घाम फुटला होता. तिनं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. "उजवीकडे वळ," ती म्हणाली. "आता डावीकडे. हळू. शाळेचा भाग आहे." तोंड आपलं काम करत राहिलं. शिकवणी संपल्यावर ब्रिएलनं विचारलं, "नीट चालवली ना?" अर्लीन म्हणाली, "ठीक," आणि चावी घेताना पोरीच्या बोटांकडे बघत राहिली. ती बोटं तिनं पाहिली होती. कॉर्नेल सोनिये सात दिवस कोर्टात टेबलाशी बसला होता, उधारीचा वाटावा असा सैल कोट घालून, आणि अशीच लांब, टोकाशी चपटी बोटं एकमेकांत अडकवून पुन्हा सोडवत होता. त्याच्या मागच्या बाकावर एक बाई मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी घेऊन बसायची. मुलगी जांभया द्यायची. तिसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या.

घरी तिचा नवरा विल्टन पंख्याखाली बसून बेसबॉल बघत होता. तिनं त्याला सांगितलं. त्यानं आवाज कमी केला, पण डोळे पडद्यावरच ठेवले. "तू तुझं मत दिलं होतंस ना? मग बास. तेरा वर्षं झाली, अर्लीन." तेरा वर्षांपूर्वीही तो हेच म्हणाला होता; फक्त तेव्हा समोर ताट होतं आणि म्हणाला होता, "झालं ना आता? जेव." विल्टन वाईट माणूस नव्हता. त्याच्या लेखी मत देणं म्हणजे पेटीत कागद टाकणं: टाकला की हात झटकून घरी यायचं. पण त्या खोलीत ती कागद टाकायला गेली नव्हती. बोलायला गेली होती. बाराजणांनी एका टेबलाभोवती बसून एका माणसाच्या आयुष्याबद्दल बोलायचं, एकमेकांना पटवायचं, नाही पटलं तर पुन्हा बोलायचं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. ज्यूरीत बसायचं बोलावणं आलं तेव्हा तिनं निळा सूट इस्त्री करून घातला होता आणि मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं. बहीण म्हणाली होती, "अगं, घेतात कुठे आपल्याला! तासाभरात घरी धाडतील." तिला घरी धाडलं नाही. दुसऱ्यांना धाडलं. त्या सकाळी कोर्टाच्या दालनात काळी माणसं बरीच होती. सरकारी वकील उंच, गोडबोल्या, प्रत्येकाला मॅडम, सर म्हणणारा. तो प्रश्न विचारायचा, मान डोलवायचा, आणि थोड्या वेळानं न्यायाधीश म्हणायचे, अमुक क्रमांक, आपले आभार, आपण जाऊ शकता. एक तरुण न्हावी गेला. एक नर्स गेली. पाद्र्याची बायको पर्स छातीशी धरून उठली आणि दारापर्यंत जाताना दोनदा मागं वळून बघत होती, जणू आपलं काय चुकलं ते कुणीतरी सांगेल. पुढं अपील फेटाळलं गेलं तेव्हा सरकारी वकिलानं त्यांना काढायला दिलेली कारणं वर्तमानपत्रात छापून आली. न्हावी खुर्चीत रेलून बसला होता. नर्स दमलेली दिसत होती. पाद्र्याची बायको क्षमेवरची प्रवचनं ऐकत असणार. बचावाच्या वकिलानं हरकत घेतली होती. न्यायाधीशांनी कारणं ऐकली आणि म्हणाले, यात रंगाचा काही संबंध दिसत नाही. रेलून बसलेला एक गोरा कंत्राटदार मात्र शेवटपर्यंत ज्यूरीत होता, शेवटपर्यंत रेलून.

राहिल्या अर्लीन आणि मिसेस लाव्हर्न नावाची एक म्हातारी. बारांत दोघी काळ्या. खुर्चीवर बसताना अर्लीनला अभिमान वाटला होता, आणि त्या अभिमानाची आठवण झाली की आजही तिला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटे, बहुधा स्वतःच्याच. कारण हिशेब तिला फार उशिरा कळला. आपल्या राज्यात एकमत लागत नाही, दहा पुरेत, हे न्यायाधीशांनी शेवटी वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते ऐकलं होतं, पण अर्थ डोक्यात शिरला तो महिन्याभरानं, चुलीशी उभं असताना. दहा पुरेत, म्हणजे दोन परवडतात. सगळ्यांना काढलं असतं तर बभ्रा झाला असता. दोघींना ठेवलं की ज्यूरीही रंगीत दिसते आणि बिघडत काही नाही. तिला निवडलं नव्हतं. तिच्या असण्यानं फरक पडणार नव्हता, म्हणून तिला राहू दिलं होतं. कुणीतरी हे शंभरेक वर्षांपूर्वी, गुलामगिरी गेल्यावर, मोठ्या सभागृहात बसून, सिगार ओढत ठरवलं होतं: काळ्यांना ज्यूरीत बसू द्यावं लागणार ना, मग बसू देत, पण त्यांचं 'नाही' मोजायची गरज पडणार नाही अशी सोय करू. तेव्हा तर नऊसुद्धा पुरत होते. त्या सिगारवाल्यांनी अर्लीनला तिच्या जन्माआधीच गप्प करून ठेवलं होतं, आणि ती सूट घालून गेली होती.

त्या खोलीत एक लांब टेबल होतं, तळलेल्या कोळंबीचे पाव होते, खिडकी उघडत नव्हती. विमा विकणारा ड्यूगा प्रमुख झाला, कारण त्यानंच विचारलं की कोण होतंय आणि त्यानंच हात वर केला. "आधी एकदा बघून घेऊ कोण कुठं आहे ते. दोषी म्हणणाऱ्यांनी हात वर करा," तो म्हणाला. मिसेस लाव्हर्नचा हात सगळ्यांत आधी वर गेला. अर्लीन तिच्याकडे बघतच राहिली. "काय बघतेस, बाळा?" म्हातारी म्हणाली. "माझ्या आईची औषधं मी त्या दुकानातून आणायची. मारला गेला तो तिथला राखणदार देवमाणूस होता. कुणीतरी भरायला नको का त्याचं?" "कुणीतरी नाही, मिसेस लाव्हर्न. ज्यानं केलं त्यानं." "मग हा काय बायबल वाचायला आलाय का कोर्टात?" दोघं-चौघं हसली. हात मोजले तर दहा. अर्लीनचा खाली, आणि टेबलाच्या टोकाशी बसलेल्या ह्युव्हालचा खाली. हा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, गोरा, लठ्ठ, सात दिवसांत कुणाशी शब्द बोलला नव्हता. अर्लीननं बोलायला सुरुवात केली. अख्ख्या खटल्यात कॉर्नेलला दुकानाशी जोडणारा एकच साक्षीदार होता. त्यानं पोलिसांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं की पळणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. पुढं त्याच्यावरचा स्वतःचा चोरीचा खटला मागं घेतला गेला, आणि मग त्याला चेहरा आठवला. "हे तुम्हाला कुणालाच खटकत नाही? आपण एवढंच बोलू. बाकी राहू दे, या एका गोष्टीवर..." ड्यूगा हसतमुखानं ऐकत होता. "बोला ना, मिस अर्लीन, बोला, तुम्हाला कुणी अडवलंय?" असं म्हणत त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. निकाल तयार असल्याची घंटा बाहेर वाजली. शिपायानं दार उघडलं. लोक खुर्च्या सरकवून उठले, कुणी कोट घातला, कंत्राटदारानं उरलेला पाव रुमालात गुंडाळला, आणि अर्लीन अजून बोलत होती. तिचा आवाज चालूच होता आणि तो तिला स्वतःलाच वेड्या बाईसारखा ऐकू येऊ लागला, रस्त्यावर एकटीच बडबडत जाणाऱ्या बाईसारखा. मग ती थांबली. कोर्टात प्रत्येकानं चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायचं होतं. तिनं 'नाही' इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. न्यायाधीशांनी चिठ्ठ्या बघितल्या, नावं वाचली नाहीत, म्हणाले, "दहा. निकाल कायदेशीर आहे." जन्मठेप, मरेपर्यंत. लिफ्टमध्ये ह्युव्हाल तिच्या शेजारी उभा होता. खाली पोचता पोचता जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, मी पण नाहीच म्हटलं." "मग खोलीत तोंड का नाही उघडलंत?" ती एवढ्या जोरात म्हणाली की लिफ्टमधल्या कारकुनानं वळून बघितलं. ह्युव्हाल बाहेर पडला आणि चालू लागला. तो कधी भेटला नाही.

आणि आता तो निकाल तेरा वर्षं झिजत झिजत बाराच्या बारा झाला होता. तिचं 'नाही' मोजलं गेलं नव्हतं ते एक; आता तर ते घडलंच नव्हतं. मधे चार वर्षांपूर्वी राज्यात मतदान झालं, कायदा बदलला, यापुढं एकमत हवं. ती रांगेत उभी राहिली, मत दिलं, घरी येऊन रडली. मग वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की दहांचा निकाल हा निकालच नव्हे. विल्टननं शेजाऱ्यांना बोलावलं होतं. आणि वर्षभरानं त्याच न्यायालयानं सांगितलं की हे पुढच्यांसाठी, चालू असलेल्यांसाठी. जे खटले पूर्ण निकाली निघाले त्यांना लागू नाही. तो सोमवार होता. चुलीवर लाल घेवडा शिजत होता. अर्लीननं रेडिओवर ते ऐकलं, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या अंगणात भिरकावलं. कुंपणावर, लिंबाच्या झाडावर, शेजारच्यांच्या कुत्र्यावर घेवडा. कुत्रं खूष झालं. तिचे तळवे पोळले होते, पण ते तिला संध्याकाळी कळलं. चूक होती हे मान्य, पण ज्यांच्या बाबतीत झाली त्यांनी आत बसावं! एवढं थंड डोक्यानं बोलता येतं माणसांना. चांगल्या झग्यातली, चांगलं शिकलेली माणसं.

पुढच्या शिकवणीला ब्रिएल आली तेव्हा अर्लीननं गाडी नदीकाठच्या मोकळ्या मैदानात न्यायला सांगितली. तिथं उलटी गाडी लावायचा सराव करायचा होता. दोन वेळा पोरीनं नीट लावली. तिसऱ्या वेळी अर्लीन म्हणाली, "इंजिन बंद कर. बाराच्या बाराजणांनी त्याला दोषी म्हटलं नव्हतं. दहांनी." ब्रिएलला आधी कळलंच नाही. "मी त्या बारांत होते," अर्लीन म्हणाली. "मी नाही म्हटलं. आणखी एकानं नाही म्हटलं. दहा पुरत होते." मग तिनं साक्षीदाराचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, पोरगी रडेल, कदाचित गळ्यात पडेल. असं वाटल्याची तिला नंतर फार लाज वाटली. ब्रिएलचा चेहरा बघता बघता आवळत गेला. "तुम्हाला माहीत होतं. तेरा वर्षं." "तुझ्या आईला माहीत असणार, वकिलानं सांगितलं असेल, मला वाटलं..." "आईचं मी बघीन! तुम्ही या गावात राहता. आमचं घर काय चंद्रावर आहे? तुम्ही नाही म्हटलंत आणि मग काय केलंत? घरी गेलात?" "काय करायला हवं होतं मी?" "मला काय विचारता? मी पाच वर्षांची होते!" ती गाडीतून उतरली आणि दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. उन्हात, बांधाच्या कडेनं ती तरातरा चालत गेली. अर्लीन ओरडली, "अगं, घर तीन मैलांवर आहे!" पोरीनं मागं न बघता हात झटकला. अर्लीन गाडीत बसून राहिली. तिला पोरीचा संताप आला, तिच्या आईचा आला, ह्युव्हालचा आला. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक हट्टी समाधानही होतं, की कुणीतरी एकदाचं आपल्याइतकंच चिडलं.

दोन आठवडे ब्रिएलचा पत्ता नव्हता. मग एका रविवारी सकाळी तीच दारात उभी. "आईनं कबूल केलं," ती आत न येता म्हणाली. "तिला माहीत होतं. म्हणते, मी रोज रोज आशा लावून बसू नये म्हणून नाही सांगितलं. आम्ही आठवडाभर बोललो नाही." मग म्हणाली, "बापानं माझं नाव तुरुंगात भेटायला येणाऱ्यांच्या यादीत पहिल्या दिवसापासून ठेवलंय. फोनवर सांगितलं मला. मी फोन घेतला." अर्लीननं विचारलं, "मग?" "हायवेवर मला एकटीनं गाडी न्यायची परवानगी नाही अजून. आणि आईला मी नेणार नाही." विल्टननं टीव्हीवरून मान वळवली. "जा, अर्लीन," तो म्हणाला. "मी खाईन काहीतरी." रस्ताभर पोरगी फार कमी बोलली. लेन बदलताना ओठ दाताखाली धरायची. एकदाच म्हणाली, "सुटेल का तो?" अर्लीन खरं तेच बोलली: "या कायद्यानं नाही." "मग तुमचं 'नाही' काय कामाचं?" "ते मला माहीत असतं तर मी इतकी चिडले असते का?" ब्रिएल यावर पहिल्यांदाच किंचित हसली.

तुरुंग नदीच्या वळणात होता, मैलोन् मैल सपाट शेतं, आणि शेतांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं वाकलेली, बहुतेक सगळी काळी. घोड्यावर बसलेला बंदूकवाला. बघायला नको म्हणून अर्लीननं हातातला रुमाल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. फाटकाशी जाड चष्म्याचा पहारेकरी होता. ब्रिएलचं नाव सापडलं, ती आत गेली. "तुम्ही यादीत नाही, मॅडम. तिकडे सावलीत थांबा. कैद्याच्या कोण तुम्ही? आई?" "मी त्याच्या ज्यूरीत होते." पहारेकऱ्यानं चष्मा वर सरकवला आणि खो खो हसला. "अरे वा! म्हणजे तुम्हीच पाठवलंत की आमच्याकडे!" "नाही," अर्लीन म्हणाली. पण तोवर मागं दुसरी गाडी आली होती आणि तो तिच्या खिडकीशी वाकला होता. सावलीत बाकावर बसून तिनं दोन तास काढले. दर थोड्या वेळानं ती उठून फाटकापर्यंत जायची, पहारेकऱ्याच्या पाठीकडे बघायची आणि परत यायची.

ब्रिएल बाहेर आली ती डोळे कोरडे आणि नाक लाल. गाडीत बसली, पण चावी फिरवली नाही. "त्याला आकडा माहीत होता," ती म्हणाली. "दहा आणि दोन. कोण दोन ते माहीत नव्हतं. रोज झोपताना तो बारा चेहरे आठवायचा आणि शोधायचा. त्यानं ठरवून टाकलं होतं. एक तो लठ्ठ माणूस, आणि दुसरी एक म्हातारी. ती त्याच्याकडे बघून मान हलवायची म्हणे. तेरा वर्षं तो तिच्यासाठी प्रार्थना करतोय." अर्लीनला ती आठवली. मिसेस लाव्हर्न, मांडीवर हात ठेवून, सगळ्यांकडे बघून मान हलवणारी, सगळ्यांत आधी हात वर करणारी. "आणि मी?" तिनं विचारलं. ब्रिएलनं स्टिअरिंगवरची शिवण नखानं उसवल्यासारखी केली. "तुम्ही त्याला चांगल्या आठवता. निळा सूट. म्हणाला, ती? तिनं तर पहिल्या दिवसापासून मला मारून टाकलं होतं. असा राग मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर बघितला नाही, म्हणाला. त्या दहांमध्ये सगळ्यांत जास्त शिव्या त्यानं तुम्हाला दिल्यात."

शेताकडून घंटा ऐकू आली. वाकलेल्या ओळी सरळ झाल्या. अर्लीनला त्या सात दिवसांतला आपला चेहरा आठवेना. स्वतःचा चेहरा कुणाला दिसतो? सरकारी वकील सर, मॅडम करत होता, साक्षीदार टाय नीट करत खोटं बोलत होता, आणि ती समोर बघत होती. समोर कॉर्नेल होता. "तो राग त्याच्यावर नव्हता," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला, 'नाही' तुमचं होतं," ब्रिएल म्हणाली. "काय म्हणाला?" "त्यानं टेबलावर हात आपटला, पहारेकरी धावत आला. मला वाटलं आता रडेल. पण तो चिडला, मिस अर्लीन, इतका चिडला! म्हणाला, चुकीच्या बाईसाठी मी देवाकडे मागत होतो! मग म्हणाला, तिला सांग, तिचं नाव यादीत घालतो. यायचं, माझ्यासमोर बसायचं, आणि त्या खोलीत कोण काय बोललं ते सगळं सांगायचं, मी तिथं नव्हतो. आणि तो राग कुणावर होता तेही."

अर्लीननं हातातला रुमाल पर्समध्ये कोंबला. तिला जोरात ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी फार तहान लागली होती. "सगळं सांगायला एक रविवार पुरायचा नाही," ती म्हणाली.

"त्याला काय, त्याला कुठं जायचंय," ब्रिएल म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.